उघड्या संगणकाची तेरीज

आपल्याकडे कवीची परीक्षा झब्ब्यावरून, पुढाऱ्याची जाकिटावरून आणि संगणकाची डब्यावरून होते. त्या डब्याला दुकानदार 'कॅबिनेट' म्हणतो आणि बाकी सारा बीड जिल्हा 'सीपीयू'. वास्तविक सीपीयू म्हणजे आत बसलेली, बर्फीच्या वडीएवढी चीज. डब्यालाच सीपीयू म्हणणे हे अख्ख्या वाड्याला देवघर म्हणण्यापैकीच! तेव्हा कॅबिनेटावाचून चालणारा संगणक पाहायला मिळणे हा समीक्षकाच्या दृष्टीने भाग्ययोगच.

आमच्या पुतण्याने सुटे भाग आणून असा एक जोडला. पैसे सगळे आतल्या ऐवजावर गेले, कॅबिनेट पुढच्या महिन्यावर. मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर मांडला, शेजारी पॉवर सप्लाय. बटण असते कॅबिनेटला, म्हणून बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले. पंखा फिरला. आई म्हणाली, "बारशापस्तोर लेकराला नवं अंगडं घालीत नसतेत. ऱ्हाऊ द्या तसंच."

आता रसग्रहण. हा प्रयोग मुळात तालमीचा. वाणिज्य शाखेच्या भाषेत, तेरजेचा. ताळेबंद मांडण्याआधी जमा-नावे जुळते का ते पाहून घ्यायचे. रॅम खाचेत नीट बसली नसेल तर ती इथे डोळ्यांना दिसते, बोटाला सापडते. सगळे डब्यात आवळल्यावर तोच दोष काढायचा म्हणजे पुन्हा सगळे स्क्रू खोला. शिवाय दुकानदाराची माल बदलून देण्याची मुदत संपायच्या आत खोट कळते. पुतण्याच्या बापाला विचाराल तर या कलाकृतीचे एवढेच सौंदर्यमूल्य, पण ते रोख आहे.

घराणेही थोर. १९७६ साली ॲपल-१ हा संगणक ६६६.६६ डॉलरला विकला गेला, तो नुसता बोर्ड. पेटी, कीबोर्ड गिऱ्हाइकाने आपले पाहावे. काहींनी लाकडी पेट्या करून घेतल्या. गूगलनेही १९९९च्या सुमारास आपले सर्व्हर उघड्या ताटांवर बूच अंथरून मांडले होते. आणि एवढ्या लांब तरी कशाला जावे? आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे ४० फुटी पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. ना पुठ्ठा, ना बांधणी. आशय अस्सल होता, वेष्टनावाचून अडले नाही.

पण समीक्षक म्हटला की दोष दाखवलेच पाहिजेत. कॅबिनेट हा नुसता दागिना नव्हे. त्यात बोर्ड पितळी पायांवर उभा राहतो, हवा ठरल्या वाटेने खेळते, पत्र्याला अर्थिंग मिळते. उघड्यावर ग्राफिक्स कार्ड आधाराविना डुलते. आपल्या अंगातली स्थिर वीज एका स्पर्शात महागाची चिप निकामी करू शकते. बोर्डाखाली चंदेरी पिशवी गादी म्हणून अंथरू नये, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहून नेतो. वर आमच्याकडचा उन्हाळा, त्यातली धूळ, आणि भिंतीवरची पाल, जिला आत-बाहेर हा भेद मान्य नाही.

सर्वांत मोठा दोष मात्र 'तात्पुरते' या शब्दात आहे. बँकेत सस्पेन्स खाते असते. मूळ सापडेपर्यंत रक्कम तिथे तात्पुरती ठेवायची. ठेवणारा कारकून रिटायर होतो, रक्कम होत नाही. आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात आणि चार-सहा महिने कोपीत काढतात. कोपी तात्पुरतीच असते, दरसाल मोडते. तिच्यात राहायला जाणाऱ्यांच्या मात्र पिढ्या झाल्या. तात्पुरते म्हणून जे चालते, ते चालतेय म्हणूनच तसे राहते.

तेव्हा आमचा अभिप्राय असा: प्रयोग उत्तम, दोन संध्याकाळी जरूर करावा, पण तिसरी नको. तेरीज जुळली म्हणून कोणी ती फ्रेम करून लावत नाही. कॅबिनेटची रक्कम येत्या पगाराच्या नावे टाकावी, सस्पेन्सला टाकू नये.