सीटवरून लिहिलेली लोकल

माझी उंची चार फूट अकरा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकलच्या डब्याबद्दल माझं जे काही मत आहे ते या उंचीवरून झालेलं आहे. सकाळी डोंबिवलीला चढले की वरच्या हँडलला माझा हात जेमतेम पोचतो, तोही टाचा उचलल्या तर. टाचा उचलून दादरपर्यंत कोण जाणार? मग सीटच्या पाठीचा कोपरा धरायचा, नाहीतर शेजारणीच्या बॅगेचा पट्टा. बऱ्याचदा मी काहीच धरत नाही. पडायला जागाच नसते.

लेडीज डबा असं आपण म्हणतो, पण बाहेरचे पट्टे आणि पदर घेतलेल्या बाईचं चित्र सोडलं तर आत बायकांसाठी म्हणून काय वेगळं केलंय ते मला अजून सापडलेलं नाही. बाकं तशीच, दांडे तसेच. कुणीतरी एक सरासरी माणूस डोळ्यांसमोर धरून हा डबा आखला आणि तो माणूस माझ्याहून अर्धा फूट तरी उंच होता.

पुस्तकावर किंवा सिनेमावर लिहिताना आपण विचारतो, हे कोणाच्या नजरेतून सांगितलंय? डब्यालाही तोच प्रश्न विचारता येतो. आणि आधी तो डब्याबद्दलच्या आपल्या गोष्टींना विचारायला हवा, कारण लोकल कशी असते हे मुंबईबाहेरच्या माणसाला त्यांच्यातूनच कळतं.

बासू चटर्जींचा ‘बातों बातों में’ (१९७९) घ्या. नायक-नायिका लोकलमध्ये भेटतात, समोरासमोरच्या बाकांवर बसून चिठ्ठ्यांची देवाणघेवाण होते. गोड सिनेमा आहे, मी तीनदा पाहिलाय. पण चिठ्ठी लिहायला मांडी लागते आणि मांडीसाठी सीट. ‘द लंचबॉक्स’मध्ये (२०१३) गर्दी आहे, ती खरी वाटते. नवाजुद्दीनचा शेख गाडीतच भाजी चिरतो, हेही अगदी आपल्याकडचं. त्यातही इरफानच्या साजनला आपण म्हातारे झालो हे केव्हा कळतं? गाडीत एक तरुण उठून त्याला सीट देतो तेव्हा. म्हणजे मोक्याचा क्षण पुन्हा सीटचाच. निशिकांत कामतच्या ‘डोंबिवली फास्ट’ने (२००५) त्याच त्या दिवसाचं चक्र फिरवून फिरवून दाखवलं आणि त्यातला कंटाळा अचूक पकडला. उभ्या माणसाच्या थकव्याच्या सर्वांत जवळ मला तोच वाटतो.

आपल्या लोकलच्या गोष्टी बहुतेक बसून सांगितलेल्या आहेत. खिडकी, भजनी मंडळ, ‘तुम्ही कुठे उतरणार?’ म्हणून आधीच लावलेला नंबर, तिघांच्या बाकावर एका मांडीपुरती मिळालेली चौथी सीट. हे सगळं खरं आहे आणि मला आवडतंही. पण डब्यातली बहुसंख्य माणसं उभी असतात. दारात उभा असलेला माणूस सिनेमात येतो तो केस उडवत, गाणं म्हणत. सकाळी मुलुंडच्या पुढे दारात लटकलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर गाणं नसतं. तो मधल्या दांड्याला दोन बोटांनी धरून असतो आणि त्याची पूर्ण शक्ती त्या दोन बोटांत असते.

रेल्वेला हे माहीत नाही असं नाही. गर्दीच्या वेळच्या डब्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे : ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. घरातला मोठा कॅरम बोर्ड जमिनीवर ठेवा, त्याहून थोड्या मोठ्या जागेत सोळाजण उभे करून बघा. मला या शब्दाचा राग येतो तो त्याच्या निर्विकारपणाचा. आकडा मोजला, त्याला नाव दिलं आणि विषय संपला.

आता दाराकडे येते, कारण या डब्याची खरी रचना तिथे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला मुंबईत विजेवरची पहिली गाडी व्हीटी ते कुर्ला धावली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत डबे बरेच बदलले. २००७ला सीमेन्सच्या जांभळ्या-पांढऱ्या गाड्या आल्या, २०१५ला बंबार्डियरच्या, छतातून हवा खेळवण्याची सोय झाली. दार मात्र उघडंच राहिलं. ते उघडं असतं म्हणून अर्ध्या मिनिटात शेकडो माणसं चढतात-उतरतात. ते उघडं असतं म्हणून मे महिन्यात आतल्या माणसाला श्वास घेता येतो. आणि ज्यांना आत जागा नाही तेही त्याच्यामुळेच गाडीत मोजले जातात. उघडं दार म्हणजे गाड्या कमी पडतात या प्रश्नाचं स्वस्तातलं उत्तर. फरक कुणी भरायचा, तर त्या दोन बोटांनी.

उपनगरी मार्गांवर अलीकडे वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. सर्वाधिक रूळ ओलांडताना, त्याखालोखाल गाडीतून पडून. ९ जून २०२५ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या, दारात लटकलेली माणसं आणि त्यांच्या बॅगा घासल्या गेल्या, किमान चारजण गेले. ते वळण माझ्या रोजच्या वाटेवर आहे. त्या दिवशी मी घरूनच काम करत होते, आणि दिवसभरात आईने मला चार वेळा फोन केला, मी घरातच शेजारच्या खोलीत आहे हे माहीत असून.

त्याच दिवशी जाहीर झालं की यापुढे मुंबईसाठी बनणाऱ्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं असतील, बिगर-एसी गाड्यांनाही. हवेसाठी दाराला झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रं आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडवाट. कागदावर मला हे तिन्ही पटतं. जोडवाट तर विशेष. एका डब्यात चेंगराचेंगरी आणि शेजारच्यात हात हलवायला जागा, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय.

पण बंद दाराची गाडी मुंबईने २५ डिसेंबर २०१७पासून पाहिलेली आहे, एसी लोकल. तिचा अनुभव असा की गर्दीच्या वेळी दार लागतच नाही. कुणाची तरी पाठ, कुणाची तरी सॅक मध्ये येते आणि गाडी फलाटावर उभी राहते. दार लावण्यासाठी माणसं कमी करावी लागतात. उघड्या दाराने जे लपवलं होतं ते बंद दार उघडं पाडतं : लटकणाऱ्यांना गाडीच नाही. मग ती उरलेली माणसं कुठे जाणार? फलाटावर. आणि डोंबिवलीचा फलाट सकाळी आठला ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको की तिथेही चौरस मीटर तेवढाच आहे.

म्हणून ‘दारं लावा, जीव वाचतील’ असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, वाचतीलच. माझं भांडण दाराला पूर्ण उत्तर समजण्याशी आहे. त्यासोबत दोन गाड्यांमधलं अंतर कमी झालं, पंधरा डब्यांच्या गाड्या वाढल्या, तरच दार हे दार. नाहीतर ते फक्त लटकणाऱ्याला आपल्या नजरेआड करेल.

परवा एसी लोकलने आले. पास माझा नाही, मैत्रीण आजारी म्हणून तिच्याकडे लवकर पोचायचं होतं, तेव्हा एकेरी तिकीट काढलं. ठाण्याला दार दोनदा उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा मिटायला लागलं तेव्हा माझ्या मागच्या बाईने माझ्या पाठीवर तळहात ठेवून मला आत ढकललं, तिला स्वतःला मावायचं होतं. दार लागलं. थंड हवा आली. मी वर बघितलं. हँडल तिथेही तेवढंच उंच होतं. बाई म्हणाली, “माझ्या खांद्याला धर गं, मुलुंडनंतर जरा मोकळं होईल.”

मुलुंडला उतरलं कुणी नाही. चढले मात्र सहाजण.