भाकीत, स्मरण आणि प्रलयकथा

विज्ञानकथेच्या विविध प्रकारांमध्ये प्रलयकथेची लोकप्रियता निर्विवाद आहे. तिची वाङ्मयीन प्रतिष्ठा मात्र नेहमीच वादाचा विषय राहिली आहे. परग्रहावरील जीवांचे आक्रमण आणि जगाच्या अंताविषयीचे प्राचीन भाकीत ही दोन आशयसूत्रे या प्रकारात वारंवार आढळतात, अनेकदा एकत्रही येतात. वरवर पाहता त्यांचा मेळ बसणे कठीण. आक्रमण अनपेक्षित असते, तर भाकीत ही येणाऱ्या घटनेची आगाऊ नोंद असते. आक्रमणाची कल्पना खगोलविज्ञानाने सुचविलेल्या शक्यतेवर उभी असते. भाकिताला आधार श्रद्धेचा. कार्यकारणभावाशी बांधिलकी सांगणाऱ्या वाङ्मयप्रकाराला पोथीतल्या वचनाची गरज का भासावी? लेखक या प्रश्नाला कसा सामोरा जातो, यावर प्रलयकथेचे मूल्य बव्हंशी अवलंबून असते.

भाकिताचा सर्वांत सोपा उपयोग वेळापत्रकासारखा केला जातो. माया संस्कृतीच्या दिनगणनेतील सुमारे ५,१२५ वर्षांचे एक आवर्तन २१ डिसेंबर २०१२ रोजी पूर्ण होत होते. माया शिलालेखांत त्यानंतरच्या तारखांचेही उल्लेख असताना, आवर्तनाची समाप्ती म्हणजेच जगाची समाप्ती असा समज जगभर पसरला. परग्रहवासीयांच्या आक्रमणावर १९९६ मध्ये ‘इंडिपेंडन्स डे’ हा चित्रपट काढणारे दिग्दर्शक रोलंड एमरिख यांनी २००९ मध्ये ‘२०१२’ हा चित्रपट त्याच समजावर उभारला. नगरे कोसळतात, समुद्र उसळतात आणि भाकीत खरे ठरते. परंतु ते खरे ठरल्याने माणसाविषयीचे कोणतेही नवे ज्ञान प्रेक्षकाच्या पदरी पडत नाही. एरिक फॉन डेनिकेन यांच्या १९६८ मधील गाजलेल्या ग्रंथाची गोष्ट याहून सूचक आहे. त्याच्या मूळ जर्मन शीर्षकाचा अर्थ ‘भविष्याच्या आठवणी’ असा होतो. ही विलक्षण काव्यमय कल्पना त्या ग्रंथात मात्र पुराव्याच्या वेषात वावरते. पुराणकथेला पुरावा म्हणून साक्षीला बोलावले की ती पुरावा होत नाहीच, शिवाय कथा म्हणूनही क्षीण होते.

या प्रकाराचा पाया घालणाऱ्या एच. जी. वेल्स यांना हा धोका ठाऊक असावा. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही त्यांची कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत भाकिताची बाजू एका धर्मोपदेशकाकडे आहे. मंगळवासीयांच्या आक्रमणात त्याला ईश्वरी न्यायनिवाड्याचा दिवस दिसतो. निवेदक विवेकनिष्ठ आहे. मोडक्या घरात दोघे अडकून पडले असता धर्मोपदेशकाच्या आक्रोशाने शत्रूला सुगावा लागेल, या भीतीने निवेदक त्याच्यावर प्रहार करतो आणि पुढे त्या क्षणाबद्दल स्वतःलाच जाब विचारतो. विवेकाचा श्रद्धेवरील विजय असा या प्रसंगाचा सरळ अर्थ लावता येत नाही. भयाच्या कोंडीत विवेकाचेही हात रक्ताने माखतात, हे वेल्स दाखवून देतात. त्याहून महत्त्वाचे सूचन पहिल्याच प्रकरणात आहे. मंगळवासीयांना निष्ठुर म्हणण्यापूर्वी युरोपीय वसाहतकारांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवावे, असे निवेदक बजावतो. म्हणजे धर्मोपदेशक ज्याला भाकीत समजतो, ते निवेदकाच्या लेखी इतिहासाचे स्मरण आहे. साम्राज्याने इतरांवर आणलेला प्रलय साम्राज्याच्याच राजधानीवर उलटतो. मंगळवासीय अखेरीस मरतात ते पृथ्वीवरील सूक्ष्मजंतूंमुळे. मानवी पराक्रमाला त्याचे श्रेय नाही. साम्राज्याच्या अहंकाराला यशाचा हा दिलासाही लेखक नाकारतो.

भाकीत हे विस्मृत इतिहासाचेच रूप असते, हा विचार आयझॅक असिमॉव्ह यांच्या सप्टेंबर १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नाइटफॉल’ या कथेत स्पष्ट रूप धारण करतो. येथे परकीय आक्रमण नाही; जे चालून येते ते आकाशच. लगाश या ग्रहाला सहा सूर्य आहेत आणि रात्र तेथील लोकांना अपरिचित आहे. दर २,०४९ वर्षांनी ग्रहणाने अंधार पडतो, तारे दिसतात, माणसांची मने ढासळतात आणि उजेडासाठी लावलेल्या आगीत संस्कृती भस्म होते. एका पंथाच्या धर्मग्रंथाने हे सारे जतन केले आहे. अर्थात चमत्काराच्या भाषेत. खगोलशास्त्रज्ञ त्या पंथाकडून जुन्या नोंदी घेतात आणि गणिताने त्याच निष्कर्षाला येऊन पोहोचतात. येथे अपेक्षा अशी की, आपले म्हणणे सिद्ध झाल्याचा पंथाला आनंद व्हावा. घडते ते उलटे. पंथाचा प्रतिनिधी संतापतो. कारण शास्त्रज्ञांनी अंधाराला नैसर्गिक घटना ठरविल्याने त्याच्या श्रद्धेचे प्रयोजनच संपले आहे. तो वेधशाळेतील छायाचित्रणाची साधने फोडायला धावतो.

श्रद्धेला आपले भाकीत खरे ठरण्यापेक्षा ते अगम्य राहणे अधिक प्रिय असते, हे असिमॉव्ह यांचे निरीक्षण एखाद्या समाजशास्त्रीय प्रबंधाच्या तोलाचे आहे. त्यांची पात्रे सपाट आहेत, संवाद माहितीने जड झाले आहेत, स्त्रियांना कथेत जवळजवळ स्थान नाही. या उणिवा मान्य कराव्याच लागतात. तरीही सुमारे तीनशे माणसे आणि ज्ञानाच्या नोंदी सुरक्षित आश्रयस्थानी ठेवण्याची शास्त्रज्ञांची धडपड कथेला नैतिक उंची देते. पुढच्या आवर्तनातील माणसांच्या हाती पोथीऐवजी निरीक्षणे पडावीत, हा त्या धडपडीचा हेतू आहे.

आर्थर सी. क्लार्क यांनी ‘चाइल्डहुड्स एंड’ या १९५३ मधील कादंबरीत याच सूत्राला अनपेक्षित वळण दिले. येथील परग्रहवासी रक्तपाताशिवाय सत्ता स्थापतात, युद्धे थांबवितात, समृद्धी आणतात. परंतु पन्नास वर्षे आपले रूप दाखवीत नाहीत. ते प्रकट होतात तेव्हा शिंगे, पंख आणि शेपूट असलेला परंपरागत सैतानच समोर उभा राहतो. मानवजातीच्या मनातील ही प्रतिमा भूतकाळातून आलेली नसून, तिच्या अंताची छाया काळाच्या उलट्या प्रवाहाने मागे पसरलेली आहे, असा उलगडा क्लार्क करतात. भविष्याच्या आठवणींची हीच कल्पना पुराव्याचा आव न आणता कथेत वावरते तेव्हा किती अर्थगर्भ होते, याचा हा प्रत्यय. पारतंत्र्याचा अनुभव घेतलेल्या भारतीय वाचकाला तर येथे आणखी एक स्तर जाणवावा. कल्याणकारी परकीय सत्तेखाली माणसे सुखी होतात आणि त्याच वेळी त्यांची सर्जनशक्ती आटत जाते. संहाराशिवायही एखाद्या समाजाचा अंत होऊ शकतो, हे या कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

भारतीय परंपरेत प्रलयाची कल्पना चक्राकार कालभानाशी निगडित आहे. म्हणून येथील प्रलयकथेचा विचार वेगळ्या भूमीवर करावा लागतो. शतपथ ब्राह्मणातील मनूला मासा महापुराची पूर्वसूचना देतो आणि त्याच वेळी नाव बांधायला सांगतो. या भाकिताचे पर्यवसान हताशेत होत नाही. ते कृतीची वाट दाखविते. भाकिताचा हा अर्थ आधुनिक काळात किती हरवला, याचे उदाहरण फेब्रुवारी १९६२ मधील अष्टग्रहीने पुरविले. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून जगबुडीची आवई उठली आणि देशभर यज्ञयाग झाले. ग्रह आपल्या गतीने पुढे गेले. भीतीची मुळे मात्र जागच्या जागी राहिली.

जयंत नारळीकर यांच्या ‘धूमकेतू’ या कथेचा विचार या पार्श्वभूमीवर करणे उचित ठरेल. एका हौशी बंगाली आकाशनिरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणित निघते. शास्त्रज्ञ अवकाशात अण्वस्फोट घडवून त्याचा मार्ग वळविण्याची योजना आखतात, तर निरीक्षकाच्या स्वतःच्या घरात शांतियज्ञ होतो. संकट टळल्यावर श्रेय कोणाचे, हा प्रश्न उरतोच. असिमॉव्ह यांच्या कथेत श्रद्धा आणि विज्ञान परस्परांसमोर शत्रू म्हणून उभे ठाकतात; नारळीकरांच्या कथेत ती एकाच घरात, एकाच संसारात नांदतात. हे वास्तव अधिक ओळखीचे, म्हणून अधिक अवघड. नारळीकरांचे निवेदन क्वचित प्रबोधनाच्या अंगाने जाते आणि पात्रांच्या अंतर्विश्वात फार खोल उतरत नाही. तथापि विज्ञानाची सर्वांत कठीण लढाई धूमकेतूशी नसून घरातल्या विश्वासाशी आहे, हे त्यांनी मराठी कथेत सौम्यपणे आणि निःसंदिग्धपणे मांडले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. तो प्रश्न मागे राहिला आहे.

या कृतींतून एक निकष हाती लागतो. ज्या प्रलयकथेत भाकीत केवळ खरे ठरते, ती वाचकाला भिववून मोकळी होते. भाकीत कोणी जपले, कोणी विसरले, कोणी वापरले आणि कोणी त्यावरून नाव बांधली, हे जी विचारते ती माणसाचा शोध घेते. प्राचीन वचन आणि परका आक्रमक ही दोन्ही तिच्या लेखी निमित्ते असतात. स्वतःच्या इतिहासाशी प्रामाणिक राहण्याचे धैर्य एखाद्या समाजात किती आहे, याची परीक्षा अशी कथा घेते. आणि ती परीक्षा जगबुडीची तारीख टळून गेल्यावरही संपत नाही.