‘कुजते ते निरुपद्रवी’ हे कितपत खरे?

कचऱ्याचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो: विघटनशील आणि अविघटनशील. मासळीची डोकी पहिल्यात, प्लॅस्टिक दुसऱ्यात. पहिले चांगले, दुसरे वाईट, असा निष्कर्ष मुले आपोआप काढतात. मांडणी सोपी आहे, पण निम्मी चुकीची आहे.

पेरू देशातील चिंबोटे बंदराचे उदाहरण घेऊ. १९५० नंतर तेथे अँकोव्हेटा या लहान माशाची भुकटी करणारे कारखाने झपाट्याने वाढले. रक्त, तेल व प्रथिने मिसळलेले त्यांचे सांडपाणी शेजारच्या एल फेरोल उपसागरात जात राहिले. शहराची घाणही त्यात होतीच. पण मासळीचा हा भाग पूर्णपणे ‘नैसर्गिक’ होता. तरीही तळाशी कुजक्या गाळाचे थर साचले.

असे का झाले? विघटन म्हणजे जिवाणूंचे जेवण, आणि त्याला प्राणवायू लागतो. उबदार समुद्राच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ६ मिलिग्रॅम असतो. मासळीच्या सांडपाण्याची जैवरासायनिक प्राणवायू-मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला १,००० मिलिग्रॅम धरू. प्रत्यक्षात ती याहून जास्तही असते. असे एक लिटर सांडपाणी सुमारे १६७ लिटर समुद्रजलातील प्राणवायू फस्त करू शकते. हवेतून भर पडते, पण बंदिस्त खाडीत ती अपुरी ठरते. प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू पाण्यातील सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. काळा चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास ही त्याचीच खूण.

‘समुद्र मोठा आहे’ हा युक्तिवादही येथेच लंगडा पडतो. आपल्या सर्वसाधारण मानकांत बीओडीची मर्यादा नदीनाल्यांसाठी लिटरला ३० मिलिग्रॅम, तर किनारी समुद्रासाठी १०० आहे. समुद्र मोठा खरा, पण नळाचे तोंड उघडते ती खाडी लहान असते.

उपाय पाणी लागण्याआधीच आहे. कोळंबीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग डोके व कवच यांचा असतो. तो पाण्याने वाहून न देता कोरडाच गोळा केला, तर सांडपाण्याचा भार घटतो आणि कवचातून कायटिन मिळते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने अशा वापरावर काम केले आहे.

तेव्हा शिक्षकांनी फळ्यावर तिसरा रकाना जरूर आखावा: किती, कोठे आणि किती वेगाने? पहिल्या दोन रकान्यांचा अर्थ त्यावरच ठरतो.