दोन हत्तींची पत्रिका

लग्नात पत्रिका दोन असतात. पहिलीचे छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी गुरुजी मान डोलावतात. दुसरी, म्हणजे छापायची, तिचे गुण घरातल्या अकरा माणसांशी जुळवावे लागतात आणि तिथे अठरावर कोणी ऐकत नाही. पुतणीच्या लग्नात हे खातं माझ्याकडे आलं. कारण एकच, मी बी.कॉम. आहे, तेव्हा स्वस्तात आणीन.

पूर्वी बरं होतं. छापखान्यात जाडजूड आल्बम असायचा. दर पानावर एक नमुना चिकटवलेला, खाली क्रमांक आणि शेकड्याचा भाव. मालक चहा मागवायचा आणि आपण चौथ्या पानावर शरण जायचो. आता नमुने फोनवर असतात आणि ते संपतच नाहीत. काही फुकट असतात. का फुकट, ते बघताक्षणी कळतं. जो आवडेल त्याच्या कोपऱ्यात नेमका एक चिमुकला मुकुट. मुकुट म्हणजे पैसे. ते भरेपर्यंत नमुन्यावर फिकट तिरपी अक्षरं असतात, रद्द केलेल्या चेकवर असावीत तशी.

मी साडेसातशे रुपये भरले आणि एक राजवाडा विकत घेतला. महिरप, कमळं, दोन बाजूंना सोंड उंचावलेले दोन हत्ती. लग्न डोंबिवलीच्या हॉलमध्ये. तिथे हत्ती सोडा, स्कूटर लावायला जागा नाही. चित्रातला नवरदेव शेरवानीत, नवरी घागऱ्यात. मुंडावळ्यांचा पत्ता नाही. पण तेही चालवून घेतलं असतं. माझी खरी तक्रार अक्षराबद्दल आहे.

हे नमुने बेतलेले असतात इंग्रजीच्या मापाने. इंग्रजी अक्षरं कशी, कवायतीला उभी राहिल्यासारखी. आपलं अक्षर डोक्यावर मात्रा-वेलांट्या घेणार, पायाशी उकार लोंबवणार. दोन ओळींत इंग्रजीपुरतं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. शोभेसाठी अक्षरं जरा सुटी केली की शिरोरेषा जागोजाग तुटते. त्यात मुलीचं नाव मृण्मयी! नमुन्यातली नवरी प्रिया. ती कुठेही मावते. आमच्या मृण्मयीचा ण पाय मोडून एकीकडे, म दुसरीकडे. लग्नाआधीच फारकत.

मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या देवनागरी टाइपांचं पुढे नाव झालं. शिशाच्या खिळ्यांच्या त्या जमान्यात जोडाक्षराला स्वतःचा खिळा मिळायचा. आज साडेसातशे रुपये मोजून तो मान नाही. गंमत म्हणजे मुंबईच्याच ‘एक टाइप’ मंडळींनी केलेला ‘मुक्ता’ नावाचा फाँट चक्क फुकट मिळतो. तो बसवला आणि मृण्मयी एकसंध झाली. मुकुटवाल्याने मोडलं ते बिनमुकुटवाल्याने जोडलं.

मग मला हुरूप आला. गुलाबी काढून कुंकवाचा रंग घातला, कमळं छाटली, चारी बाजूंना चौकट आखली, तारीख, वेळ, स्थळ वेगवेगळ्या रकान्यांत टाकली. हिने पाहिलं आणि म्हणाली, “छान आहे. आता खाली ‘रोखपालाची सही’ एवढं घाला.” सगळं परत पहिल्यासारखं केलं.

खरी अडचण पुढेच होती. आईने फोन लांब धरून पाहिला आणि विचारलं, “यात ह्यांचं नाव कुठंय?”

नव्हतं. नमुन्यात वधू, वर आणि दोघांचे आईबाप एवढ्यांचीच सोय. गेलेल्या आजोबांना त्यात ओळच नाही. मी खाली रिकाम्या जागेत ‘कै.’ लिहायला घेतलं तर मृण्मयी म्हणाली, “काका, नको ना. ती मोकळी जागाच डिझाइनचा जीव आहे.” आई काही बोलली नाही. तिने फोन परत दिला आणि शेंगा सोलायला घेतल्या. आमच्या घरात याचा अर्थ प्रकरण गंभीर, असा होतो.

रात्री मी मृण्मयीला शेजारी बसवून अक्षर लहान करून पाहिलं. आईला ते वाचता आलं नसतं. महिरप वर सरकवली, गणपतीला लागली. शेवटी मृण्मयीनेच फोन घेतला, डावा हत्ती दाबून धरला आणि काढून टाकला. तिथे, चांगल्या ठसठशीत अक्षरात, अण्णांना बसवलं. उजवा हत्ती सोंड वर करून एकटाच राहिला. मला तरी तो अण्णांना सलाम करतोय असं वाटलं.

पत्रिका छापून आल्या. आईने चष्मा लावला, देवापुढे ठेवायची पत्रिका हातात घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचली. अण्णांच्या नावावर बोट बराच वेळ होतं. मग म्हणाली,

“हत्ती गोड आहे रे. पण जोडीचा कुठं गेला?”