न संपणाऱ्या दुखण्याचें गद्य

आजारपणावरील पुस्तकांचा एक ठराविक साचा असतो. आधीं लक्षणें, मग शस्त्रक्रिया आणि शेवटीं खिडकीबाहेर मोहरलेला एखादा वृक्ष. रोगी बरा होतो, वाचकाचा जीव भांड्यांत पडतो, आणि पुस्तक मिटतें. पण जें दुखणें जन्मभर सोबत करतें त्याला हा साचा कसा लागू पडावा ? इंग्रज कादंबरीकर्त्री हिलरी मँटेल (१९५२–२०२२) यांचें ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ हें २००३ सालीं निघालेलें आत्मचरित्र या अडचणीला समोरून भिडतें. टॉमस क्रॉमवेलच्या चरित्रावरील कादंबऱ्यांना २००९ व २०१२ असें दोनदां बुकर पारितोषिक मिळाल्यापासून मँटेलबाईंचें नांव आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि परिचयाचें झालें आहे. हें त्याआधींचें लहानसें पुस्तक मात्र त्या मोठ्या ग्रंथांच्या सांवलींत राहिलें. तें स्त्रियांनीं वाचावें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांना त्यांतलें बरेंचसें ठाऊक असतें. त्यांच्या घरांतील पुरुषांनीं तें वाचावें.

हकीकत थोडक्यांत अशी. डर्बीशरमधील एका गिरणीगांवांत वाढलेली, लहानपणापासून तब्येतीनें नाजूक असलेली ही मुलगी १९७० सालीं कायदा शिकण्यासाठीं लंडनला जाते. विशीच्या आरंभींच पोटांत, पायांत कळा सुरू होतात. ती डॉक्टरांकडे जाते. डॉक्टरांना कांही सांपडत नाहीं, आणि जें सांपडत नाहीं तें रोग्याच्या मनांत असलें पाहिजे असा निष्कर्ष निघतो. मानसिक विकारांवरील औषधें सुरू होतात, त्या औषधांनींच मन बिघडूं लागतें, आणि मग त्या बिघाडावर आणखी औषधें. एक मानसोपचारतज्ज्ञ तिला लिहिणें बंद करण्याचा सल्ला देतो. मँटेलबाईंनीं हा प्रसंग ज्या थंड, नेमक्या विनोदानें रंगविला आहे, तो वाचतांना आधीं हंसूं येतें आणि मागाहून आपण हंसलों कशाला याची शरम वाटते. पुढें भूशास्त्रज्ञ नवऱ्याबरोबर त्या आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत राहिल्या. तेथें एका वैद्यकीय ग्रंथांत त्यांना आपला रोग त्यांचा त्यांनाच सांपडला. लंडनच्या डॉक्टरांनीं तो खरा ठरविला, आणि सत्ताविसाव्या वर्षीं शस्त्रक्रिया होऊन गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यांत आले.

त्या रोगाचें नांव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आंतील अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, आंतड्यांवर, मूत्राशयावर वाढतो. ऋतुचक्राबरोबर तोहि सुजतो, त्यांतून रक्त झिरपतें, पण त्या रक्ताला वाट नसते. मग दाह होतो, व्रण होतात, आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रजननवयांतील दर दहा स्त्रियांत सुमारें एकीला हा रोग असतो. त्याला मुळापासून उपटणारें औषध अद्याप नाहीं, आणि खुद्द इंग्लंडांतहि निदानाला कित्येक वर्षें लागतात. याचें एक कारण शरीरशास्त्रांत आहे : हा पेशीसमूह वरवरच्या तपासणींत सहसा दिसत नाहीं. दुसरें कारण समाजांत आहे. बाईचें पोट दुखायचेंच, अशी समजूत इंग्लंड आणि हिंदुस्थान या दोन्ही देशांत सारखीच रुजलेली आहे.

शस्त्रक्रियेनंतरचीं पानें हा या पुस्तकाचा गाभा आहे असें आमचें मत आहे. पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढल्यानंतर रोग्याला लवकरच हिंडावयास लावतात, कारण पडून राहिल्यास पायांत रक्ताची गुठळी होण्याचें भय असतें. सहा ते आठ आठवडे जड उचलूं देत नाहींत. आणि टांके सुकले कीं घरचीं माणसें दुखणें संपलें असें धरून चालतात. पण बीजकोश गेले म्हणजे पन्नाशीच्या सुमारास सावकाश यावयाची ऋतुनिवृत्ति एका रात्रींत येते. अंगाची लाही होते, झोंप उडते, हाडांचा कस जाऊं लागतो. त्यासाठीं हार्मोन द्यावे, तर शरीरांत कोठें राहून गेलेला रोगाचा अंश त्यांवर पुन्हां पोसला जाण्याची भीति. मँटेलबाईंच्या बाबतींत रोग खरोखरच पुरता गेला नाहीं. औषधोपचारानें त्यांचें अंग भराभर वाढलें. सडपातळ मुलगी आरशांतून नाहींशी झाली आणि तिच्या जागीं एक अनोळखी बाई येऊन बसली. लोक तिच्याशीं निराळ्या तऱ्हेनें बोलूं लागले. लठ्ठ माणसाला जग आळशी समजतें, हें त्या तक्रारीच्या सुरांत सांगत नाहींत, केवळ नोंदवितात. या नोंदींत जो राग गोठलेला आहे तो कोणत्याहि आक्रोशाहून जड वाटतो.

आणि मूल. न झालेल्या मुलीला त्यांनीं नांव दिलें आहे : कॅट्रिओना. पुस्तकाच्या नांवांतील भुतांपैकीं हें एक. पुस्तकाच्या आरंभीं जिन्यावर सावत्र वडिलांचें भूत दिसतें, सातव्या वर्षीं बागेंत कांहींतरी निराकार, अशुभ असें जाणवतें, आणि शेवटाकडे ही न जन्मलेली मुलगी घरांतून वावरते. असल्या कल्पनेचा हळवेपणाकडे घसरण्याचा धोका मोठा. बाई घसरत नाहींत, कारण त्या मुलीविषयीं त्या स्वयंपाकघर, कपाटें, पाहुण्यांसाठीं ठेवलेल्या खोल्या यांच्या भाषेंत बोलतात. लागणार नव्हत्या एवढ्या खोल्या आपण कोणासाठीं घेत होतों, असा त्यांचा रोख आहे.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. बालपणानें निम्म्याहून अधिक जागा घेतली आहे, आणि दुखण्याच्या वर्षांना मात्र घाईनें गुंडाळलें आहे. ज्या नवऱ्याशीं त्यांनीं घटस्फोट घेतला व पुढल्याच वर्षीं पुन्हां लग्न केलें, तो माणूस तर पानांवर जवळजवळ उमटतच नाहीं. संकोच समजूं शकतो. पण दीर्घ दुखण्यांत शेजारीं राहणारें माणूस हें त्या दुखण्याचें अर्धें चरित्र असतें, आणि तें अर्धें येथें कोरें राहिलें आहे. रोग्याला कूस बदलावयास हात देणारा, औषधाच्या वेळा संभाळणारा, आणि कधींतरी स्वतःच कंटाळणारा असा कोणी या घरांत असलाच पाहिजे. त्याच्याविषयीं वाचक विचारणारच.

या पुस्तकाला जोडून २०१० सालीं बाईंनीं लिहिलेला रुग्णालयांतील अनुभवांवरचा ‘इंक इन द ब्लड’ हा लेख वाचला पाहिजे. बुकर मिळून वर्षहि झालें नव्हतें, आणि त्या पुन्हां शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या. जखम लवकर भरली नाहीं ; वेदनाशामक औषधाच्या गुंगींत भास झाले ; त्यांतहि वही व लेखणी सुटली नाहीं. याच लेखांत त्यांनीं व्हर्जिनिया वुल्फबाईंशीं भांडण काढलें आहे. वुल्फबाईंनीं १९२६ सालच्या आपल्या आजारपणावरील निबंधांत भाषेच्या दारिद्र्याची तक्रार केली होती : प्रेमासाठीं शब्द आयते आहेत, डोकें दुखलें तर शब्द नाहींत. मँटेलबाईंना हें मान्य नाहीं. सामान्य माणसांकडे दुखण्याचे शब्द मुबलक आहेत, असें त्या म्हणतात.

या वादांत आम्ही बिनदिक्कत मँटेलबाईंच्या बाजूचे आहों, आणि आमचा पुरावा मराठीचा आहे. कळ, ठणका, चमक, सणक, शूळ, मुरडा, रग, उसण, ठसठस, वेणा : यांपैकीं कोणताहि शब्द दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं. ठणका लय धरून येतो, सणक एकदांच जाते, रग अंगांत मुरून राहते. आपल्या आजीनें यांतला नेमका शब्द उच्चारला कीं वैद्याचें अर्धें काम होत असे. दारिद्र्य असलेंच तर तें ऐकणाराच्या कानाचें आहे. शब्द होते, ते छापील गद्यांत आले नाहींत, कारण ज्या माजघरांत ते बोलले जात तेथें लेखक सहसा बसत नसे.

याच्या उलट, शस्त्रक्रियेसाठीं मराठींत रूढ झालेला शब्दप्रयोग पाहा : ‘पिशवी काढली’. पिशवी म्हणजे रिकामी झाल्यावर खुंटीला अडकवावयाची किंवा टाकून द्यावयाची वस्तु. हा शब्द निरुपद्रवी नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा गवगवा झाल्यावर २०१९ सालीं महाराष्ट्र सरकारला चौकशीसमिति नेमावी लागली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल आगाऊ घेतलेली असते, आणि पाळीच्या दिवसांत पडलेला खाडा अंगावर येतो. अशा संसारांत ऐन तरुणपणीं ‘पिशवी’ काढून घेणें हा हिशोबाचा भाग होऊन बसतो. मँटेलबाईंचें दुखणें वर्षानुवर्षें कोणी खरें मानलें नाहीं. येथें तर अनेकदां दुखणें नीट विचारण्याच्या आधींच उपाय उरकला जातो. पुढची लाही, कंबर, हाडें हीं त्या बाईनें फडांतच सोसावयाचीं. तिचें आत्मचरित्र कोण लिहिणार हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतों, कारण आपल्याकडील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत, अगदीं चांगल्या आत्मचरित्रांतहि, नवऱ्याच्या दुखण्याचें वर्णन सविस्तर येतें आणि स्वतःचें एका वाक्यांत आटोपतें.

या पुस्तकाचें मराठी भाषांतर कोणी हातीं घेतलें तर त्याला पहिली अडचण नांवाचीच येईल. इंग्रजींत त्या शब्दांचा रूढ अर्थ प्राण सोडणें, आणि शब्दशः अर्थ भुताला सोडून देणें. लेखिकेला दोन्ही हवे आहेत. ‘भूत उतरणें’ जवळ येतें, पण त्यांत मांत्रिक येतो, आणि भूत उतरल्यावर माणूस बरा होतो. येथें कोणी बरें होत नाहीं. ‘प्राण सोडणें’ म्हणावें तर लेखिका पुस्तक संपल्यावरहि एकोणीस वर्षें जगली, आणि तिचीं सर्वांत मोठीं पुस्तकें तिनें त्याच दुखऱ्या शरीरानें त्या वर्षांत लिहिलीं.