देवाचे मौन, माणसाचे मरण

वसईत जन्मलेला एक माणूस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मेला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. बाप पोर्तुगीज, आई कोकणातली. आधी व्यापार, मग फ्रान्सिस्कन साधूंची सेवा. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या आज्ञेने पंचवीस सोबत्यांसह त्याचा वध झाला. १८६२ साली रोमने ह्या सव्वीसही जणांस संतपद दिले. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे.

अशा मरणापुढे मान आपोआप लवते. परंतु मान वर केल्यावर विचार सुरू होतो. वर्गात वीरमरणाचा धडा आला की एखादे चलाख पोर हमखास विचारते, "गुरुजी, तोंडाने नाही म्हणून मनात देव ठेवला असता, तर नसते का चालले?" पोराला रागावून गप्प बसवणे सोपे आहे, पण 'शिर सलामत तर पगडी पचास' ही म्हण आपणच त्याच्याकडून पाठ करून घेतलेली असते!

ह्या प्रश्नाला खरा न्याय देणारी एक कादंबरी आहे. शुसाकु एन्दो (१९२३-१९९६) ह्या जपानी लेखकाची 'चिन्मोकु', म्हणजे 'मौन'. ती १९६६ साली निघाली, १९६९ साली इंग्रजीत आली आणि २०१६ साली मार्टिन स्कोर्सेसी यांनी तिच्यावर चित्रपट काढला. एन्दो स्वतः लहानपणीच बाप्तिस्मा झालेले कॅथलिक. त्यामुळे प्रश्न बाहेरून टोचलेला नाही, तो घरातूनच उठला आहे.

कथा गोन्सालोच्या नंतर चाळीस वर्षांची. १६१४ च्या हुकुमाने जपानात ख्रिस्ती धर्माला बंदी झालेली. फेरेरा नावाच्या थोर धर्मगुरूने छळापुढे धर्म सोडला, अशी बातमी युरोपात येते. (हा फेरेरा खरा, त्याने १६३३ साली धर्म सोडला.) शिष्याला ते खरे वाटत नाही. रॉद्रिग्ज हा तरुण पाद्री लिस्बनहून गोव्याला, गोव्याहून मकावला आणि तेथून चोरट्या वाटेने जपानात उतरतो. मनात एकच तयारी: वेळ आलीच तर हसत मरायचे.

पण मरण त्याच्या वाट्याला येतच नाही. येथेच ह्या कादंबरीचे मोठेपण आहे. मरतात ती त्याला लपवणारी गरीब खेडुते. मोकिची आणि इचिझो यांना समुद्रात खांबांना बांधतात; भरती येते, ओसरते, पुन्हा येते, आणि त्यांचे प्राण हळूहळू जातात. पाद्री दुरून पाहतो आणि देवाला हाक मारतो. देव बोलत नाही. पुढे तो स्वतः पकडला जातो. कोठडीत रात्री त्याला कोणी घोरत असल्यासारखे ऐकू येते. ते घोरणे नसते. खड्ड्यावर उलटी टांगलेली माणसे कण्हत असतात. त्या माणसांनी धर्म केव्हाच सोडलेला आहे. पण पाद्री जोवर येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवत नाही, तोवर त्यांची सुटका नाही.

माझ्या मते प्रश्न येथे पार पालटतो. श्रद्धेसाठी मरावे का, हा प्रश्न मागे पडतो. माझ्या श्रद्धेसाठी दुसऱ्याने मरावे का, हा पुढे येतो. पहिल्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. गोन्सालोने दिले. दुसऱ्याचे उत्तर मात्र एकच असू शकते, आणि रॉद्रिग्ज थरथरत्या पायाने तेच देतो. प्रतिमा तुडवणे हा केवळ उपचार आहे, असे अधिकारी त्याला समजावतात. केवळ उपचार असता, तर त्यासाठी माणसे कशाला टांगली असती? माणूस नेमका कोठे मोडतो, हे सत्तेला पक्के ठाऊक असते.

कादंबरीत मला दोन गोष्टी खटकल्या. अखेरच्या क्षणी प्रतिमेतला येशू बोलतो, पाय ठेव म्हणून अनुज्ञा देतो. तो बोलला नसता, तर पाद्र्याच्या निर्णयाचा सारा भार त्याच्याच माथ्यावर राहिला असता. लेखकाने तो थोडा हलका केला. दुसरे असे की, मोकिचीच्या मनात आपल्याला फारसे शिरता येत नाही. पाद्र्याच्या यातनांना पानेच्या पाने, आणि खेडुताच्या वाट्याला बाहेरून पाहिलेले मरण!

उलट, किचिजिरो हे पात्र विसरता येणार नाही. भित्रा, दारुडा, पैशासाठी पाद्र्याला पकडून देणारा, आणि तरी पुनःपुन्हा क्षमा मागायला येणारा. त्याचे गाऱ्हाणे असे की, बंदीच्या आधी जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून सुखाने मेलो असतो. शांततेच्या काळात जन्मून दुसऱ्याच्या भित्रेपणाला हसणाऱ्या आपणा सर्वांस ही चपराक आहे.

पुढच्या इतिहासाने एन्दोंना बळच दिले आहे. नागासाकीत लोकांना अशा प्रतिमा तुडवायला लावण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. १८६५ साली तेथे नवे चर्च उभे राहिले, तेव्हा जवळच्या उराकामी गावची काही माणसे फ्रेंच पाद्र्याला भेटली आणि आपण त्याच धर्माचे आहोत, असे त्यांनी हळूच सांगितले. दोन शतके एकही पाद्री नसताना त्यांनी धर्म जपला होता. बंदी उठली ती १८७३ साली. हा दिवा ज्यांनी तेवत ठेवला, त्यांच्या वाडवडिलांपैकी कितीतरी जणांनी प्रतिमेवर पाय ठेवला असेल आणि घरी येऊन रात्री क्षमा मागितली असेल!

मेलेल्यांची थोरवी ह्यामुळे कमी होत नाही. परंतु जगलेल्यांना पतित म्हणून मोकळे होण्याचाही आपल्याला अधिकार नाही. आणि घरबसल्या दुसऱ्याला मरायला सांगणाऱ्याला तर मुळीच नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मोठ्या मुलांनी आणि वडीलधाऱ्यांनी ही कादंबरी एकापाठोपाठ वाचावी आणि खुशाल वाद घालावा.