आजोबांचे डोळे

आमच्या मानोऱ्याकडे ‘फळमाशी’ म्हटले की शेतकऱ्याला संत्र्यात, पेरूत अंडी घालणारी माशी आठवते. तिच्या नरांना भुलवायला तो बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगतो. थॉमस मॉर्गनची ड्रोसोफिला म्हणजे काळ्या पडलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट. मराठी विज्ञानलेखनाने दोघींना एकच नाव देऊन ठेवले आहे. पण हे दुखणे किरकोळ. आमचे लेखक तिची गोष्ट सांगतात कशी, हे मोठे.

१९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गनला पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. लाल डोळ्यांच्या मादीशी त्याचा संकर केला, तर १,२३७ पिले लाल डोळ्यांची निघाली. तीनच नर पांढरे. या लाल पिलांच्या आपसातल्या संकरातून २,४५९ लाल माद्या, १,०११ लाल नर आणि ७८२ पांढरे नर. पांढरी मादी एकही नाही. माझ्या वाचनातले बहुतेक लेख इथवर येतात आणि लिहून मोकळे होतात: दोष आईकडून मुलाकडे जातो.

अहो, पण त्या आईकडे तो आला कुठून? नातवाचे पांढरे डोळे आजोबांचे होते. बापाचे एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला मिळते, मुलाला कधीच नाही. मधल्या लाल डोळ्यांच्या लेकीने ते फक्त पोचवले. मॉर्गनने उलटा संकरही केला होता: पांढरी मादी, लाल नर. मुली सगळ्या लाल, म्हणजे बापाच्या वळणावर. मुलगे सगळे पांढरे. हा प्रयोग आमच्या लेखांतून हटकून गळतो.

हिमोफिलियावर लिहिताना हीच गाळणूक अंगाशी येते. छापील वाक्य घरात शिरले की त्याचे ‘तुझ्या माहेरचे दुखणे’ होते. खरे तर हिमोफिलिया असलेल्या बापाच्या सगळ्याच मुली वाहक असतात. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणाला झालेलाच नसतो. तिथे माहेर धुंडाळून काय हाती लागणार?

‘लिंगसंलग्न’ हा शब्दही मला खटकतो. तो ऐकून रोग लिंगाचाच वाटतो. ‘एक्सवाहित’ म्हटले तर निदान वाट तरी दिसते. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने अशा रोगांसाठी गर्भाची तपासणी करू दिली, पण गर्भाचे लिंग सांगायला मनाई केली. महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ मध्येच केला होता. रोग आणि लिंग यांतला फरक कायद्याला कळला. आमचे लेख अजून पहिल्याच संकरात अडकले आहेत.